गोल कुठाय हा?

मागच्या महिन्यात धाकट्या नणंदेने एक पेन ड्राइव्ह आणून दिला. आत तिच्या लग्नाची फिल्म. लग्न २००५ सालचं, तेव्हा डीव्हीडी मिळाली होती. ती तिने कुठल्याशा दुकानात देऊन 'मोबाइलवर चालेल अशी' करून आणली होती आणि ती फाइल तिला फारच आवडली होती. "वहिनी, बघ तरी, किती बारीक होते मी!" मी बघितलं. बारीक तर ती होतीच. पण तिच्यासोबत तिचे सासरे, भटजी, आचारी, पंगतीत वाढणारी मुलं, सगळेच बारीक आणि उंच झाले होते. ओवाळायचं तबक कॅमेऱ्यासमोर धरलं तर ते उभ्या अंड्यासारखं.

रात्री तिच्या मुलाने तीच फाइल घरच्या टीव्हीवर लावली, रिमोटवरून चित्र पडदाभर ताणलं आणि आता तीच माणसं आडवी सुटली. नणंद रुसली. म्हणाली, "एकाच फिल्ममध्ये मी दुपारी बारीक आणि रात्री जाड कशी?"

तिला जेवता जेवता जे सांगितलं ते जरा नीट मांडून इथे लिहिते आहे, कारण हा प्रश्न मला वर्षातून तीन-चार वेळा तरी येतो. लग्नाचे व्हिडिओ करणारी पोरं विचारतात, जुन्या कॅसेटी फाइलमध्ये उतरवणारे विचारतात, आणि गणपतीच्या दिवसांत मंडळवाले विचारतात. मला स्वतःला तो पडला २००४ साली, आणि पाडला माझ्या वडिलांनी.

आम्ही मिरजेचे. अण्णा बोर्ड रंगवायचे. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागच्या फळ्या, निवडणुकीत भिंती, एरवी शाळांवरचे सुविचार. फ्लेक्स आला आणि ते काम बघता बघता आटलं. मी डीटीपी शिकले आणि गावातल्या एका केबल चॅनेलवर ग्राफिक्स करायला लागले. सामान म्हणाल तर एक पेंटियम फोर, त्यावर फोटोशॉप सात, व्हिडिओ जोडायला प्रीमियर साडेसहा, श्रीलिपीचे फॉन्ट आणि एक मिनी-डीव्ही कॅमेरा. कॅमेरा शूटिंगला जायचा आणि परत आला की दुसरी ड्यूटी करायचा: फायरवायरच्या वायरने कम्प्युटरला जोडायचा, एव्ही केबलने टीव्हीला, म्हणजे कम्प्युटरवरचं चित्र टीव्हीवर दिसायचं. तो बाहेर असला की मला टीव्ही दिसत नसे. मी आपली मॉनिटरवर बघून कामं उरकायची.

चॅनेलच्या बातमीपत्रासाठी मी नवा लोगो केला. उगवता सूर्य, त्यात नाव. फोटोशॉपमध्ये शिफ्टची कळ दाबून ओढलेलं वर्तुळ, तीनशे पिक्सेल रुंद, तीनशे उंच. दोन दिवस किरणांवर घालवले होते. पहिल्या रात्री घरी सगळ्यांना टीव्हीपुढे बसवलं. सूर्य आला. आई म्हणाली, छान आहे. अण्णा भाकरी मोडता मोडता थांबले आणि म्हणाले, "गोल कुठाय हा?"

मी म्हटलं, कम्प्युटरने काढलाय अण्णा, गोलच आहे.

"कम्प्युटरने काढला असंल. आडवा झालाय."

दुसऱ्या दिवशी मी त्या सूर्याची टेप घरी आणली आणि व्हीसीआरवर चित्र थांबवून ठेवलं. अण्णांनी खिशातला दोरा काढला. बोर्ड रंगवणाऱ्याच्या खिशात दोरा असतोच: एका टोकाला खिळा, दुसऱ्याला खडू, की झालं कंपास. त्यांनी तो टीव्हीच्या काचेवर उभा धरला, चिमटीत पकडला, मग आडवा धरला. एकवीस इंची टीव्ही, काच फुगीर, जवळ हात नेला की हातावरचे केस उभे राहायचे. दोरा उभा साडेपंधरा सेंटिमीटर, आडवा सतराला थोडा कमी.

मी टीव्हीला दोष दिला. त्या काळचे टीव्ही कडेला चित्र वाकवायचेच, त्यामुळे ते म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. अण्णा दोरा घेऊन शेजारी गेले, त्यांच्या टीव्हीवर तीच टेप लावली आणि परत येऊन म्हणाले, "तितंबी तसाच." ऑफिसात विचारलं तर उत्तर मिळालं, टीव्हीवर असंच दिसतं. हे उत्तर मला पुढे वीस वर्षांत अनेक ठिकाणी मिळालं आहे आणि दर वेळी ते देणाऱ्याने मोजलेलं नसतं.

आता खरं कारण. तेव्हा आपल्याकडे टीव्हीचं चित्र पाल पद्धतीचं होतं, आणि डिजिटल झाल्यावर त्याचा आकार ७२० × ५७६ पिक्सेल. ७२० ला ५७६ ने भागा: १.२५, म्हणजे ५:४. पण टीव्हीचा पडदा होता ४:३, म्हणजे १.३३. पाचास चारचं चित्र चारास तीनच्या चौकटीत काठोकाठ बसवायचं तर ते आडवं ताणावंच लागणार. चित्र ताणलं की त्यातला प्रत्येक पिक्सेल ताणला जातो. कम्प्युटरच्या मॉनिटरवर पिक्सेल चौरस, टीव्हीवर तोच पिक्सेल थोडा आडवा. त्याची रुंदी भागिले त्याची उंची म्हणजे पिक्सेल ॲस्पेक्ट रेशो. चौरस असेल तर १, पाल टीव्हीवर साधारण १.०७ ते १.०९. (हा 'ते' का आला, ते पुढे सांगते. त्या 'ते'ने माझा एक आठवडा खाल्ला आहे.)

हे मला समजलं ते आईच्या रांगोळीमुळे. ठिपक्यांच्या रांगोळीत आपण म्हणतो, पंधरा ते आठ. म्हणजे किती ठिपके, ते ठरलं. पण दोन ठिपक्यांमध्ये अंतर किती, हे त्या आकड्यात कुठेच नाही. ते बोटांवर असतं. कागदावर बघून काढलेलं गोल कमळ, अंगणात काढताना आडव्या ओळीत बोटं जरा सैल पडली की पसरट होतं. ठिपके तेच, जोडणी तीच, एकही चूक नाही आणि कमळ मात्र बसकं. फाइलचं असंच आहे. ७२० × ५७६ हा फक्त ठिपक्यांचा हिशेब. ठिपक्यांतलं अंतर दाखवणाऱ्याच्या हातात. माझा सूर्य फाइलमध्ये गोलही नव्हता आणि आडवाही नव्हता, तो तीनशे बाय तीनशे ठिपके होता. मॉनिटरने ते समान अंतरावर मांडले, टीव्हीने आडवे सैल मांडले.

हे समजल्यावर माझी चिडचिड झाली. मुळात हा वाकडेपणा केला कोणी? ७६८ × ५७६ ठेवलं असतं तर सरळ ४:३ झालं असतं की. तर कारण असं, आणि ते चांगलं आहे. १९८२ साली टीव्हीच्या डिजिटल चित्राचं आंतरराष्ट्रीय माप ठरलं, त्याला ६०१ या क्रमांकाने ओळखतात. तेव्हा जगात दोन मोठे तट होते. युरोप आणि आपल्यासारखे देश, ज्यांचं चित्र ६२५ ओळींचं, आणि अमेरिका-जपान, ज्यांचं ५२५ ओळींचं. दोघांची यंत्रं वेगळी बनवायची नसतील तर एका सेकंदात चित्राचे नमुने, म्हणजे ठिपके, किती घ्यायचे तो आकडा दोघांना चालणारा हवा. तो निघाला १३.५ मेगाहर्ट्झ. आपल्या पद्धतीत सेकंदाला १५,६२५ ओळी, प्रत्येक ओळीत ८६४ नमुने, गुणाकार करून बघा, बरोबर एक कोटी पस्तीस लाख. अमेरिकन पद्धतीत ओळीला ८५८ नमुने, गुणाकार तोच. त्यातले चित्राचे म्हणून दोघांनाही ७२०. ओळी मात्र आपल्या ५७६ आणि त्यांच्या ४८० च्या आसपास. म्हणजे रुंदीचे ठिपके सारखे, उंचीचे वेगळे आणि पडदा दोघांचाही ४:३. मग पिक्सेल चौरस कुणाच्याच नशिबी नाही. आपला आडवा, त्यांचा उभट, ०.९१. त्या लोकांना पिक्सेल चौरस असण्यात रसच नव्हता, त्यांच्या डोळ्यांपुढे कम्प्युटर नव्हताच. त्यांना समुद्राच्या दोन्ही बाजूंना एकच यंत्र चालायला हवं होतं. माझ्यासारखी कुणी मिरजेत शिफ्टची कळ दाबून सूर्य काढेल, हे त्यांनी कशाला मनात आणावं?

उपाय काय, तेही अण्णांनीच सांगितलं, पिक्सेल हा शब्द माहीत नसताना. पाण्याच्या उंच टाकीवर गावाचं नाव लिहायचं तर ते अक्षरं मुद्दाम उभी लांबट काढायचे. शिडीवरून बघाल तर लांबोळकी, भेसूर. खालच्या रस्त्यावरून बघितली की डौलदार. "टाकीवर लिवतो तसं कर," ते म्हणाले. "खाली हुबं ऱ्हाऊन बघणाऱ्याला गोल दिसाय पायजे. शिडीवरच्याला न्हाई."

मग मी फोटोशॉपमध्ये ग्राफिक ७६८ × ५७६ मध्ये करायला लागले. सगळं पूर्ण झालं, थर एक केले, की इमेज साइजमध्ये जाऊन प्रमाण राखण्याची खूण काढायची आणि रुंदी तेवढी ७२० करायची. तीनशेचा सूर्य २८१ रुंद होतो, मॉनिटरवर उभट दिसतो, जीव कळवळतो, आणि टीव्हीवर थेट पौर्णिमेचा. अण्णांनी दोरा लावला आणि काही न बोलता खिशात ठेवला. पुढे फोटोशॉप सीएसपासून पिक्सेलचं प्रमाण फाइलमध्येच नोंदवायची सोय आली, आणि व्ह्यू मेनूत 'पिक्सेल ॲस्पेक्ट रेशो करेक्शन' चालू केलं की मॉनिटरवरही टीव्हीसारखं ताणून दिसायचं. आमच्या ऑफिसात ती आवृत्ती यायला बरीच वर्षं लागली.

या सगळ्यात मला एक गोष्ट तेव्हाही लागली होती. तीन महिने त्या चॅनेलवर माझी अक्षरं आडवी ताणलेली जात होती आणि मिरजेत एकाही माणसाला ते कळलं नव्हतं. अक्षर सात टक्के रुंद झालं तर लोकांना तो वेगळा फॉन्ट वाटतो. चेहरा सात टक्के रुंद झाला तर वाटतं माणूस सुटलाय. फसवत नाही ते फक्त वर्तुळ. आणि देवनागरीत अनुस्वाराचं टिंब, पण ते इतकं लहान की दोरा लावता येत नाही. एकदाच एकाने पकडलं. मिरजेतल्या संगीत महोत्सवाच्या जाहिरातीला मी तंबोरा काढला होता, जुन्या सवयीने थेट ७२० मध्ये. तंतुवाद्यांच्या गल्लीतले एक म्हातारे कारागीर वाटेत भेटले तेव्हा म्हणाले, "भोपळा कुठनं आणलास गं? पंढरपूरकडचा तर न्हवं." ज्याच्या हातावर पन्नास वर्षं भोपळे गेलेत, त्याला दोरा लागत नाही.

देवनागरीचं निघालंच आहे तर थोडं विषयांतर. टीव्हीचं जुनं चित्र एका दमात येत नसे, आधी विषम ओळी, मग सम. त्यामुळे एकच पिक्सेल जाडीची आडवी रेघ एकदा दिसायची, एकदा नाही, सेकंदाला पंचवीस वेळा. इंग्रजी अक्षरांत अशा लांब आडव्या रेघा तुलनेने कमी. आपल्याकडे प्रत्येक शब्दावर शिरोरेखा! बारीक फॉन्टातली बातमीची पट्टी म्हणजे डोळ्यांसमोर थरथरणारी तार. शिरोरेखा निदान तीन पिक्सेल जाड ठेवायची किंवा वरून अगदी हलका ब्लर द्यायचा, हे मी मार खाऊन शिकले. याचा पिक्सेलच्या रुंदीशी संबंध नाही, पण दोन्ही गोष्टी एकाच सवयीतून होतात: मॉनिटरवर बघून काम उरकणे.

आता तो १.०७ आणि १.०९ चा घोळ. २००९ मध्ये मी पुण्यात एका स्टुडिओत लागले. तिथे अडोबीचं नवं सीएस४ होतं. एका ग्राहकाचा जुना प्रकल्प आफ्टर इफेक्ट्समध्ये, म्हणजे हलती ग्राफिक्स करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, उघडला, नवी पाल कॉम्पोझिशन म्हणजे कोरी चौकट घेतली, त्यात माझं इमानदार ७६८ × ५७६ चं ग्राफिक टाकलं, आणि डावी-उजवीकडे काळी पट्टी. दोन्हीकडे दहा-दहा पिक्सेल. वर्षानुवर्षं काठोकाठ बसणारी गोष्ट अचानक आखूड. मी आधी स्वतःवर संशय घेतला, मग कीबोर्डवर, मग त्या स्टुडिओच्या कम्प्युटरवर. झालं होतं असं की सीएस३ पर्यंत पालचा आकडा १.०६७ होता, सीएस४ मध्ये त्यांनी तो १.०९४ केला. म्हणजे चौरस पिक्सेलमध्ये रुंदी ७६८ नव्हे, ७८८.

हे का, याचं उत्तर आईच्या शिलाई मशिनवर आहे. ब्लाउज शिवताना कापड मापाला कापत नाहीत, शिवणीच्या आत 'माया' ठेवतात. ७२० मध्येही माया आहे. जुन्या ॲनालॉग टीव्हीत एका ओळीचं खरं चित्र ५२ मायक्रोसेकंदांचं. १३.५ मेगाहर्ट्झने नमुने घेतले तर ५२ गुणिले १३.५ बरोबर ७०२. म्हणजे ४:३ चा पडदा भरतो तो ७०२ पिक्सेलने, ७२० ने नव्हे. उरलेले अठरा, दोन्ही कडांना नऊ-नऊ, ही शिवणीतली माया, चित्राची कड थोडी सरकली तरी कापली जाऊ नये म्हणून. जुनी व्हीएचएस कॅसेट फाइलमध्ये उतरवलीत तर दोन्ही बाजूंना काळपट धूसर कड दिसते ना, ती हीच. लोक तिला बिघाड समजतात. ७६८ भागिले ७०२ करा, १.०९४ येतं. आम्ही इतकी वर्षं मायेसकट छाती मोजत होतो आणि ब्लाउज अडीच टक्के चुकत होता. अण्णांचा दोरा साडेपंधराला सतरा सांगत होता ते उगाच नव्हे, ते १.०९ च्याच जवळ होतं.

कुठला आकडा वापरायचा असं विचाराल तर माझं मत सांगते. कॅमेऱ्यातून आलेल्या चित्रासाठी १.०९४. २००८ च्या आधी कुणी सॉफ्टवेअरमध्ये केलेलं ग्राफिक परत वापरायचं असेल तर त्याचा जुना आकडा. अडीच टक्क्यांचा फरक नुसत्या डोळ्याला कळत नाही, तीनशेच्या सूर्यात सात-आठ पिक्सेल. पण एकाच कामात दोन आकडे मिसळू नका, कारण मग एक वर्तुळ दुसऱ्यावर बसत नाही आणि रात्रीचे दोन वाजलेले असतात.

रुंद पडद्याच्या डीव्हीडीत तर गंमत आहे. लोकांना वाटतं १६:९ च्या डीव्हीडीत जास्त पिक्सेल असतात. नसतात. तेच ७२० × ५७६, फक्त फाइलमध्ये एक खूण असते की हे ४:३ दाखव किंवा हे १६:९ दाखव. १६:९ असेल तर पिक्सेल आणखी आडवा होतो, १.४६. ती खूण हरवली किंवा वाचली गेली नाही की सगळी वरात काठीसारखी. हाय डेफिनिशन आलं तेव्हा मी पेढे वाटायच्या बेतात होते, १९२० × १०८०, पिक्सेल चौरस, संपला वनवास. तेवढ्यात एचडीव्ही कॅमेरे आले. टेपवर जागा वाचवायला ते १४४० × १०८० साठवायचे आणि दाखवताना १.३३ ने ताणून १९२० करायचे. ही सर्वांत वाईट, कारण खूण हरवली तर १४४० × १०८० नेमकं ४:३ दिसतं, आणि लोक म्हणतात, हं, जुनी फिल्म आहे, ४:३ च असणार. चौकट ओळखीची, आतली माणसं तेवढी सुकलेली.

तर नणंदेची फिल्म. अशा वेळी मी आधी काहीतरी असं शोधते जे नक्की गोल होतं आणि कॅमेऱ्यासमोर सरळ होतं. बांगडी चालत नाही, ती तिरकी असते. मंगल कार्यालयात एक गोष्ट हमखास असते: भिंतीवरचं घड्याळ, मुहूर्तासाठी सारखं दाखवतात. ते थांबवलं आणि मॉनिटरवर पट्टी धरली. रुंदी १०१ मिलिमीटर, उंची ११०. भागाकार ०.९२. हा आकडाच रोग सांगतो. ०.९१ ते ०.९४ मिळालं तर ४:३ ची पाल फिल्म कुणीतरी चौरस पिक्सेल समजून उघडली आहे. ०.६८ च्या आसपास आलं तर १६:९ च्या डीव्हीडीला तसंच केलं आहे. ०.७५ आलं तर एचडीव्ही, नाहीतर रुंद चित्र ४:३ मध्ये कोंबलेलं. आणि १.३३ आलं तर साधं ४:३ चित्र नव्या टीव्हीभर ताणलेलं, जे तिच्या मुलाने रिमोटने केलं होतं.

दुकानातली फाइल दुरुस्त करत बसले नाही. बिघडवलेलं सरळ करण्यापेक्षा मुळाकडे जावं, आणि डीव्हीडी तिच्या कपाटात होती, साडीच्या घडीत. त्या दुकानदाराने ७२० × ५७६ तसंच ठेवून पिक्सेल चौरस लिहून टाकला होता, शिवाय सम-विषम ओळी न सोडवता, म्हणून हात हलला की त्याला कंगव्याचे दात यायचे. मी डीव्हीडीतून मूळ फाइल काढली आणि आधी डीइंटरलेस केली, म्हणजे सम-विषम ओळी सोडवल्या. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी आकार बदलला की सम आणि विषम ओळी एकमेकींत कालवल्या जातात आणि मग त्या कुणाला सुटत नाहीत. नंतर दोन्ही कडांची नऊ-नऊ पिक्सेलची माया उसवली. उरलेलं ७०२ × ५७६, ते १४४० × १०८० केलं आणि पिक्सेल चौरस अशी नोंद केली. १४४० × १०८० पाहून दचकू नका, इथे ते खरोखरच ४:३ आहे. पण काही सॉफ्टवेअर नुसता आकडा बघून त्याला एचडीव्ही समजू शकतं, म्हणून फाइल पुन्हा कुठे घेतलीत तर प्रीमियरमध्ये क्लिपवर राइट क्लिक, मॉडिफाय, इंटरप्रिट फुटेज, आणि तिथे 'स्क्वेअर पिक्सेल्स' आहे ना ते बघा. ७२० × ५७६ च्या स्थिर चित्रांचंही तेच. सॉफ्टवेअर तो आकार दिसला की न विचारता पाल समजतं. तुम्ही खरंच चौरस पिक्सेलमध्ये काढलं असेल तर ते तुमचा सूर्य तुमच्या मागे आडवा करतं.

घड्याळ गोल झालं. नणंदेला दाखवलं. तिने पूर्ण बघितलं, सासऱ्यांना बघून डोळे पुसले आणि जाताना म्हणाली, "आधीची फाइल पण राहू दे हं वहिनी. डिलीट करू नकोस."

चौरस पिक्सेलच्या जमान्यात हे सगळं आता जुनं झालं असं कुणाला वाटत असेल तर त्याने गणेशोत्सवात एखाद्या एलईडी भिंतीसमोर उभं राहावं. या वर्षी मिरजेतल्या एका मंडळाने भिंत भाड्याने आणली. अर्ध्या मीटरच्या चौरस पेट्या, आडव्या सात, उभ्या पाच. एका पेटीत १२८ × १२८ दिवे, म्हणजे पूर्ण भिंत ८९६ × ६४०. दिवे अगदी चौरस मांडलेले, त्यांचा काही दोष नाही. पण भिंतीचं प्रमाण ७:५, आणि मंडळाकडचे सगळे व्हिडिओ १६:९. ऑपरेटर काय करतो, तर प्रोसेसरवर, म्हणजे भिंतीला चित्र पुरवणाऱ्या यंत्रावर, 'फुल' दाबतो, काळी पट्टी नको म्हणून. १.७८ चं चित्र १.४ मध्ये कोंबलं की शंभर रुंदीचं ७९ होतं. बाप्पाचं पोट आत गेलेलं! भाविकांपैकी कुणी बोललं नाही, बाप्पाच्या आकाराबद्दल कोण बोलणार.

माझ्या भाच्याने मला बोलावलं. मी एक फाइल घेऊन गेले, १९२० × १०८०, काळ्यावर एक पांढरं वर्तुळ, बाकी काही नाही. ती लावली. वर्तुळ उभट. ऑपरेटर म्हणाला, मॅडम, लांबून बघा, गोलच दिसतंय. मी पिशवीतून दोरा काढला. स्टेजवर चढून भिंतीजवळ गेले, एक टोक भाच्याला धरायला दिलं, उभा मोजला, आडवा मोजला, आणि ऑपरेटरला दोन्ही माप दाखवली. तो जरा वेळ गप्प बसला आणि मग प्रोसेसरच्या मेनूत शिरला. आम्ही व्हिडिओच्या दोन्ही कडा थोड्या कापून ७:५ करायचं ठरवलं, नवी ग्राफिक्स थेट ८९६ × ६४० मध्ये.

दहा मिनिटं आरतीच्या वेळेला गणपतीच्या मागे नुसतं पांढरं वर्तुळ चमकत होतं. मंडळाचे अध्यक्ष घाईघाईने आले, "ताई, हे काय आहे? कधी जाणार?" मी म्हटलं, थांबा हो, आडवा एकदा परत मोजू दे.